जामखेडची सतरंजी

जामखेड हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे तालुक्याचे गाव. पलीकडे बीड, खाली धाराशिव आणि सोलापूर. पाऊस बेभरवशाचा, रेल्वे नाही, नगरपासून रस्त्याने पाऊणशे किलोमीटर. या गावात तीस वर्षांहून अधिक काळ देशोदेशीचे विद्यार्थी सार्वजनिक आरोग्य शिकायला येत आहेत. शंभराहून अधिक देशांतली माणसे येथे शिकून गेली, असे इथल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे लोक सांगतात. काही जण विद्यापीठाच्या तुकडीबरोबर येतात. पण बरेच जण एकटेच येतात: कोणाची ओळख नाही, भाषा येत नाही, आणि बरोबर कोण असेल याचाही पत्ता नाही. काही आठवड्यांनी निघताना त्यांच्याजवळ चार-सहा देशांतले मित्र असतात आणि आसपासच्या एखाद्या गावात हक्काचे एक घर असते.

हे आपोआप होत नाही. अनोळखी माणसांनी एकत्र बसावे, एकत्र जेवावे आणि एकमेकांकडून शिकावे, यासाठी जामखेडमध्ये पन्नास वर्षांपूर्वी एक रीत घालून दिली गेली. ती परदेशी पाहुण्यांसाठी मुळीच नव्हती. ती होती जातीपातीने दुभंगलेल्या गावांतल्या बायकांसाठी.

रिकाम्या दवाखान्यातली सुरुवात

ही रीत घालून देणाऱ्या दांपत्यापैकी डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले, राहुरीकडचे. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांचा जन्म जबलपूरचा. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. 1960 साली लग्न करताना त्यांनी आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचे ठरवले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की बरा करून घरी पाठवलेला रोगी त्याच आजाराने पुन्हा दारात येतो. गढूळ पाणी, अपुरे अन्न आणि अंधश्रद्धा जागच्या जागी असताना नुसत्या औषधाने काय होणार? पुढचे शिक्षण घेण्यासाठी दोघे अमेरिकेत गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी झाले. तिथे त्यांना कार्ल टेलर हे शिक्षक लाभले. टेलर यांचे बालपण हिमालयाच्या पायथ्याशी गेले होते, त्यामुळे भारतातले खेडे त्यांना परके नव्हते. परदेशातल्या वर्गात जुळलेले हे गुरू-शिष्यांचे नाते पुढे आयुष्यभर टिकले आणि जामखेडची वाट जगाला दाखवण्यात त्याचा मोठा वाटा राहिला.

जामखेडकरांच्या निमंत्रणावरून 1970 मध्ये गुरांच्या जुन्या, रिकाम्या दवाखान्यात ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचे काम सुरू झाले. दोनच वर्षांत 1972 चा दुष्काळ आला. त्या काळी या भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी 176 बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. पुढच्या दशकांत हा आकडा पंचवीसच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली जगभरातल्या लोकाधारित आरोग्य प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. 1978 च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा निघाला आणि पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर पाहुण्यांचा ओघ इतका वाढला की 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्थाच उभारावी लागली.

एका ओळीत बसण्याचा प्रश्न

खेड्यात पाठवलेल्या परिचारिका तिथे टिकत नव्हत्या आणि गावकऱ्यांचाही त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता. मग गावानेच निवडलेल्या गावातल्याच बाईला शिकवायचे ठरले. निवडून आलेल्या बायकांत निरक्षर बऱ्याच होत्या. दलित होत्या, मराठा होत्या, क्वचित ब्राह्मणही होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, शिकत आणि परत जात.

खरी अडचण अभ्यासाची नव्हतीच. एका सतरंजीवर कोण कोणाशेजारी बसणार, भाकरी कोणाच्या हातची खाणार, पाणी कोणाच्या घागरीतले पिणार, हे प्रश्न आधी होते. आरोळ्यांनी यावर व्याख्यान दिले नाही. मुक्कामाची, स्वयंपाकाची आणि झोपण्याची व्यवस्थाच अशी ठेवली की अंतर राखायला जागा उरू नये. रात्री शेजारी शेजारी पडल्यावर गप्पा निघत आणि सगळ्यांची दुःखे सारखीच असल्याचे कळे. कोणाचे मूल गेलेले असे, कोणाला नवऱ्याने टाकलेले असे, तर कोणाला मुलगी झाली म्हणून सासरी बोल लागलेला असे. दिवसा शिकलेला गरोदरपणाचा धडा लक्षात राहिला, तो या रात्रीच्या गप्पांमुळे.

पुरुषांच्या बाबतीत वाट वेगळी होती. डॉ. आरोळे गावात गेले की व्हॉलीबॉलचे जाळे बांधत. संघ करताना जात विचारून चालत नाही, कारण चेंडू कोणाकडेही येतो. खेळ संपल्यावर त्याच मैदानावर पाण्याच्या, पिकाच्या आणि कर्जाच्या गोष्टी होत. त्यातूनच शेतकरी मंडळे उभी राहिली. हातपंपासाठी जागा पाहायची वेळ आली तेव्हा पंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला गेला. तहानेपुढे सोवळे टिकले नाही आणि सगळे गाव त्या पंपावर येऊ लागले.

सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत जामखेडचे नाव येते ते बालमृत्यूच्या आकड्यांसाठी. पण ते आकडे ज्या गोष्टीमुळे बदलले, ती अनोळखी माणसांना शेजारी बसवण्याची ही कला आहे. आजचा परदेशी विद्यार्थी नकळत याच कलेच्या हाती पडतो.

एकट्याचे पहिले दिवस

बहुतेक परदेशी विद्यार्थी मुंबईला उतरतात. तिथून रस्त्याने सात-आठ तास. नगर सोडल्यावर उसाचे हिरवे पट्टे विरळ होत जातात, ज्वारीची आणि तुरीची राने लागतात आणि प्रवासाचा शीण चढलेला विद्यार्थी संध्याकाळी आवारात पोचतो. पहिले काम पासपोर्टचे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत यजमानाला त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारला कळवावी लागते. मग खोली, मच्छरदाणी, पिण्याच्या पाण्याची जागा आणि जेवणाची वेळ कळते.

पहिल्या संध्याकाळी जे जगातल्या कोणत्याही विद्यार्थी मेळाव्यात होते, तेच इथेही होते. एका देशाची मुले एका टेबलाला बसतात, इंग्रजी सहज बोलणारी दुसऱ्या. एकटा आलेला विद्यार्थी ताट घेऊन क्षणभर उभा राहतो, कडेची जागा धरतो आणि मोबाइल काढतो. त्याला घरची आठवण आलेली असते, पोटात थोडी गडबड असते आणि इतके पैसे खर्चून आपण इथे का आलो, हा प्रश्नही मनात डोकावून जातो. हा एकटेपणा लाजण्यासारखा नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तो जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. जे तुकडीने आलेले असतात त्यांचा एकटेपणा फक्त दिसत नाही, आणि त्यांना नवी ओळख करून घ्यायला उलट जास्त वेळ लागतो.

एकट्याला आधार देण्यात गावाची बोलण्याची पद्धत मोठी मदत करते. नगरी खेड्यात आलेल्या माणसाला नात्यावाचून ठेवत नाहीत. विद्यार्थिनी ताई होते, विद्यार्थी दादा होतो, वयाने अगदी लहान असेल तर म्हातारी सरळ बाळा म्हणून हाक मारते. त्यानेही समोरच्या बाईला मावशी म्हणायचे, हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. मग चौकशी सुरू होते: आई-बाप काय करतात, भावंडे किती, लग्न झाले का, शेती आहे का. युरोपातून आलेल्यांना हे प्रश्न सुरुवातीला फार खासगी वाटतात. आफ्रिकेतून, नेपाळमधून किंवा फिलिपिन्समधून आलेले विद्यार्थी मात्र लगेच खुलतात, कारण त्यांच्याकडेही पाहुण्याला हेच विचारतात.

मूठभर साखर, चिमूटभर मीठ

वर्ग भरतो तो खाली बसून. चपला दाराबाहेर, सतरंज्या अंथरलेल्या आणि समोर शिकवायला एखादी साठी ओलांडलेली आरोग्य कार्यकर्ती. डोक्यावर पदर, हातात हिरव्या बांगड्या, शाळा कधी पाहिली नाही आणि शेकडो बाळंतपणे पार पाडलेली. तिच्यापुढे मांडी घालून बसलेल्यांत डॉक्टर असतात, परिचारिका असतात, पदव्युत्तर विद्यार्थी असतात. शेजारी दुभाषा. ती मराठीत सांगते, तो इंग्रजीत सांगतो. या दोहोंमधल्या क्षणभराच्या थांब्यात सगळ्यांचे लक्ष बाईच्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे जाते.

हगवणीच्या मुलाला द्यायचे साखर-मिठाचे पाणी हा तिचा हातखंडा धडा. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात मूठभर साखर आणि तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ. ढवळायचे आणि बाळाला देण्याआधी स्वतः चाखून पाहायचे. आसवांपेक्षा खारट लागले तर ते ओतून टाकायचे आणि पुन्हा करायचे.

मग विद्यार्थ्यांची पाळी येते आणि त्यांना दोघा-दोघांत वाटले जाते. सहा फुटी मुलाची मूठ आणि सडपातळ मुलीची मूठ यांत मावणाऱ्या साखरेत केवढा फरक पडतो, हे पहिल्याच खेपेला कळते. एकाचे पाणी सरबत होते, दुसऱ्याचे समुद्राचे. बाई दोघांची पातेली चाखते, तोंड वाकडे करते आणि सगळा वर्ग हसतो. ती मुलाची मूठ आपल्या हातात धरून दोन बोटे जरा सैल करते, थोडी साखर खाली पडू देते आणि म्हणते, आता बघ. तिसऱ्या खेपेला जमते. तोवर त्या दोघांनी एकमेकांची नावे नीट उच्चारायला शिकलेली असतात. पाणी बाळाला चालेल की नाही यावर एक छोटा वाद झालेला असतो आणि दुपारी जेवायला ते आपसूक शेजारी बसतात.

ओळख करून घेण्यासाठी वेगळे खेळ घेण्यापेक्षा हे किती तरी परिणामकारक आहे. आपण कुठल्या विद्यापीठातून आलो, आपले लेख कुठे छापून आले, याला त्या पातेल्यापुढे काही अर्थ उरत नाही. सगळे सारखेच नवशिके आणि शिकवणारी निरक्षर. मनातली धास्ती उतरते ती इथे.

दुसरा असाच धडा गावनकाशाचा. देवळापुढच्या अंगणात किंवा पारावर गावकरी स्वतः रांगोळीने आणि खडूने आपले गाव काढतात: विहिरी, वस्त्या, शाळा, कोणाच्या घरी गरोदर बाई आहे, कोणाकडे क्षयाचा रुग्ण आहे. विद्यार्थ्यांनी गुडघ्यांवर बसून मदत करायची, मध्ये बोलायचे नाही. बाया एक सांगतात, पुरुष दुसरेच, आणि मुले दोघांनाही दुरुस्त करतात. संध्याकाळी परतताना जीपमध्ये जी चर्चा रंगते, तिच्यात केनियाच्या परिचारिकेला आपल्याकडची विहीर आठवते, तर बिहारच्या डॉक्टरला आपल्याकडची वेस. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना एकमेकांत जे साम्य सापडते ते असे एखाद्या तिसऱ्या गावाकडे पाहताना.

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांना डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्याची सुट्टी असते. नेमका तोच जामखेड भागात ज्वारी हुरड्यात येण्याचा काळ. कोणाच्या रानात आमंत्रण असेल तर गोवऱ्यांची आगटी पेटते, कणसे निखाऱ्यांत भाजली जातात आणि गरम कणीस तळहातावर चोळून दाणे वेगळे करण्याची धडपड सुरू होते. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आगटीभोवती गोल बसलेल्यांना कोणी कोणाशी बोलावे हे सांगावे लागत नाही.

सभागृहातल्या परिषदा

नगर जिल्ह्यातली मुलेही आता एकट्याने परदेशी परिषदांना जाऊ लागली आहेत. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचेच उदाहरण घेता येईल. 1951 साली कोपनहेगनमध्ये तो स्थापन झाला, वर्षातून दोनदा त्याची महासभा वेगवेगळ्या देशांत भरते आणि शेकडो विद्यार्थी आठवडाभर एकत्र राहतात. ठराव, निवडणुका, कार्यशाळा असे सगळे तिथे असते. पण मैत्री जमते ती रात्रीच्या एका ठरलेल्या मेजवानीत. प्रत्येक देशाचे प्रतिनिधी आपापल्या घरचे खाद्यपदार्थ मांडतात आणि टेबलामागे उभे राहून इतरांना वाढतात. लाडू, चिवडा, शेंगदाण्याची चटणी नेणाऱ्याला तिथे बोलायला विषय शोधावा लागत नाही.

एकट्याने जाणाऱ्याने आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शक्य असेल तर एक दिवस आधी पोचावे. खुर्च्या मांडणे, कागद वाटणे अशा कामांत हात घातला की संयोजकांशी ओळख होते आणि पुढचा आठवडा ते आपल्याला नावाने हाक मारतात. मोठ्या सभेपेक्षा छोट्या गटाची कार्यशाळा निवडावी, कारण दहा-बारा जणांत गप्प राहणे कठीण असते. खोलीत आपल्याच देशाचा सोबती मागून घेऊ नये. इंग्रजी मोडके असेल तर त्याची काळजी करू नये. समोरच्या निम्म्या लोकांचे इंग्रजीही शिकलेलेच असते, आणि सावकाश बोलणाऱ्याचे त्यांना नीट कळते. रोज प्रत्येकाशी बोललेच पाहिजे, हा अट्टहास तर अजिबात नको. आठवड्यात दोन माणसे मनापासून कळली, तरी जाणे सार्थकी लागले.

एवढे असूनही सभागृहातल्या परिषदेची एक मर्यादा राहते. तिथे ज्यांच्याविषयी बोलणे चालते ते लोक बहुधा हजर नसतात. कुपोषणावर ठराव होतो, पण कुपोषित मुलाची आई सभागृहात नसते. जामखेडमध्ये तीच शिकवायला बसलेली असते, आणि म्हणून इथल्या मैत्रीत सारखे वय आणि सारखी पदवी असलेल्यांपलीकडची माणसेही येतात.

मुक्ताबाईंची वात

जामखेडच्या कार्यकर्त्यांपैकी मुक्ताबाई पोळ यांना वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलावले गेले होते. समोर तज्ज्ञ, अधिकारी, प्राध्यापक, आणि डोक्यावर सभागृहाचे भलेमोठे झुंबर. मुक्ताबाईंनी त्या झुंबराकडे बोट दाखवले. डॉक्टर या झुंबरासारखे, देखणे पण महाग आणि हाती न लागणारे, असे त्या म्हणाल्या. मग पिशवीतून दोन साध्या वातीच्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी लावली. आपण या पणतीसारख्या, एकीवरून दुसरी पेटते आणि झुंबराला ते जमत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृह उठून उभे राहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, एवढ्या मोठ्या मेळाव्यात कसे उभे राहायचे, याचा याहून चांगला धडा विद्यार्थ्यांना मिळणार नाही. मुक्ताबाई तिथे कोणासारखे दिसायला किंवा बोलायला गेल्या नाहीत. घरी रोज हाताळलेली वस्तू त्यांनी बरोबर नेली आणि रोज केलेले काम सांगितले.

परत गेल्यावर

बरोबर शिकलेल्या माणसांची मैत्री टिकते का? सगळ्यांची टिकत नाही. मोबाइलवरचा गट महिनाभर गजबजतो, मग दिवाळी-नाताळच्या शुभेच्छांपुरता उरतो. टिकते ती मैत्री जिला पुढे काम मिळते. एकीने आपल्या देशात आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण सुरू केले आणि दुसऱ्याने त्यासाठी चित्रफलक करून पाठवले, असे काही घडले की पत्रव्यवहार चालू राहतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या सहकार्याने डॉ. मेबल यांच्या नावाची एक अभ्यासवृत्ती सुरू झाली. ती मिळालेले तरुण वर्षभर जामखेडलाच राहून काम करतात. वर्षभर राहिलेल्याला गावातली लग्ने, बारशी आणि मयतेही घडतात, आणि तेव्हा पाहुणेपण संपते.

डॉ. मेबल 1999 मध्ये आणि डॉ. रजनीकांत 2011 मध्ये गेले. त्यांची मुले डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी काम पुढे नेले. 2005 मध्ये देशभर आशा कार्यकर्तीची योजना आली, तेव्हा आधीच्या ज्या प्रयोगांचा दाखला दिला गेला त्यांत जामखेड होते. पहिल्या पिढीच्या कार्यकर्त्या आता थकल्या आहेत, काही गेल्याही. त्यांच्याकडून थेट शिकण्याची संधी फार वर्षे उरलेली नाही.

याची सगळ्यात मोठी खंत वाटावी ती आपल्याच जिल्ह्याकडे पाहून. मेलबर्नचा विद्यार्थी अर्धे जग ओलांडून जामखेडला येतो, पण नगर, संगमनेर, श्रीरामपूर किंवा कोपरगावच्या महाविद्यालयातल्या कित्येक मुलांना तिथे काय चालते हे माहीतही नसते. समाजकार्य, परिचर्या, वैद्यक, शेती, यांपैकी काहीही शिकणाऱ्याला तिथे शिकण्यासारखे आहे. महाविद्यालयांनी आपली मुले काही दिवसांसाठी तिथे धाडावीत, आणि शक्यतो एकेकटी धाडावीत. परदेशी विद्यार्थ्यांना गावात नेणारा, मराठी समजावून सांगणारा, सणाला घरी जेवायला बोलावणारा स्थानिक सोबती नेहमीच हवा असतो. ते काम आपल्या मुलांइतके चांगले कोण करील? त्यासाठी पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही आणि नगरच्या स्थानकावरून जामखेडची एसटी दिवसभर सुटते.